प्रमाणपत्राची पत

गावगाड्यातील सुताराला कोणी प्रमाणपत्र मागत नसे. त्याने बसवलेले बैलगाडीचे चाक चार पावसाळे टिकले की गावापुरती त्याच्या हाताची परीक्षा झाली. बापाच्या हाताखाली पोरगा तयार होई आणि तो तयार झाला की नाही याचा निकाल गिऱ्हाईक देई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सुताराच्या पोराने सुतारच व्हावे आणि चांभाराच्या पोराने चांभारच राहावे ही तिची अट होती, आणि त्या अटीपायी किती पिढ्यांची बुद्धी कुजली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मात्र काम करणारा आणि काम घेणारा तेथे एकमेकांना ओळखत होते. माणूस गाव सोडून गिरणीच्या नि कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला तेव्हा ही ओळख तुटली. काही काळ गावच्या किंवा नात्यातल्या मुकादमाने तिची उणीव भरून काढली. पुढे यंत्रे गुंतागुंतीची झाली, मुकादमाच्या शब्दावर लेथ कोणाच्याही हाती देता येईना, आणि ओळखीची जागा कागदाने घेतली.

हा कागद म्हणजे एक प्रकारची हुंडीच होय. हुंडी वटेल की नाही हे ती लिहिणाऱ्याची पेठेत पत किती यावर ठरते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्या मुलाजवळ बहुधा भांडवल नसते, इंग्रजी नसते, शब्द टाकणारा मामाही नसतो. त्याच्याजवळ हा एक कागद असतो. त्या कागदाची पत राखण्याचे काम देशात ज्या संस्थेवर सोपवलेले आहे तिचे नाव राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नाव महाविद्यालयाच्या पायरीवर कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाच्याही कानावरून गेलेले असते. या परिषदेचे नाव मात्र जिच्यासाठी ती आहे त्या मुलांच्या पालकांनाही सांगता यावयाचे नाही. या अनोळखीपणाचे मूळ फार मागे, १९५६ सालात आहे.

त्या एका वर्षात केंद्र सरकारने शिक्षणाच्या दोन शाखांना दोन वेगळ्या रीतींनी वागवले. विद्यापीठ अनुदान आयोगाला त्या वर्षी संसदेचा कायदा मिळाला. त्याच वर्षी २१ ऑगस्टला श्रम मंत्रालयाच्या एका ठरावाने व्यवसाय प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, आणि तिच्या वाट्याला आले ते सल्ला देण्याचे काम. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू होती. तिच्याखालील संस्थांचा दैनंदिन कारभार १९५६ मध्ये राज्यांकडे गेला. देशभर फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन एकाच मापाने मोजले जावेत यासाठी अभ्यासक्रम, यंत्रसामग्रीची यादी आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा यांचे मानक ठरवणारी एक मध्यवर्ती जागा हवी होती. ती ही परिषद. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात तिचे नाव आले. परंतु कायद्यात नाव येणे वेगळे आणि कायद्याने जन्म होणे वेगळे.

तरीही या जुन्या परिषदेने आपली पत कमावली, हे मान्य केलेच पाहिजे. 'एन.सी.व्ही.टी.' ही चार अक्षरे ज्या प्रमाणपत्रावर आहेत ते रेल्वेच्या व सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांच्या भरतीत चालते, हे खेड्यातल्या बापालाही ठाऊक असते. आय.टी.आय.मध्ये मुलाचे नाव घालताना 'हा ट्रेड एन.सी.व्ही.टी.चा की एस.सी.व्ही.टी.चा?' हा प्रश्न तो आवर्जून विचारतो. राज्याच्या मान्यतेचा कागद आणि केंद्राच्या मान्यतेचा कागद यांच्या भावातील फरक त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकवलेला नाही. तो बाजारात शिकला.

घसरण सुरू झाली ती विस्ताराच्या काळात. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या, म्हणजे २०१२ ते २०१७ या काळाच्या अंदाजानुसार, १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी पाच टक्क्यांनाही औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले नव्हते. हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे सांगितले जाते. हे आकडे पाहून कोणत्याही सरकारला घाई व्हावी हे स्वाभाविक होते, आणि घाई झाली. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ २००८ मध्ये निघाले. त्याच्या छायेत उद्योगनिहाय क्षेत्र कौशल्य परिषदा उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कौशल्याच्या पायऱ्या ठरवणारी राष्ट्रीय चौकट अधिसूचित झाली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. दरम्यान आय.टी.आय.ची संख्या वाढत वाढत पंधरा हजारांच्या घरात गेली आणि त्यांतील चारांपैकी तीनांहून अधिक संस्था खासगी झाल्या. महाराष्ट्रात शासकीय संस्थांचे जाळे चारशेहून अधिक संस्थांचे आहे म्हणून येथे चित्र थोडे निराळे दिसते. देशाचे चित्र खासगी संस्थांचे आहे.

एवढे हात एकाच वेळी हुंड्या लिहू लागले की पेठेत काय होते हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. दोन वर्षे कानस घासून मिळवलेला कागद आणि तीन महिन्यांच्या वर्गानंतर मिळालेला कागद मालकाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडू लागले, आणि त्याने दोन्ही बाजूला सारून 'काम करून दाखव' म्हटले. क्षेत्र कौशल्य परिषदांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने २०१६ च्या अहवालात हितसंबंधांच्या गुंत्यावर स्पष्ट बोट ठेवले होते. मानक ठरवणारे, परीक्षा घेणारे आणि पैसा वाटणारे एकमेकांत इतके मिसळले होते की कोणी कोणाला विचारावे हाच प्रश्न होता.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने जुनी परिषद आणि कौशल्य विकास अभिकरण यांची कामे एकत्र करून नवी परिषद निर्माण करण्यात आली. १ ऑगस्ट २०२० पासून, म्हणजे नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनी, तिचे काम सुरू झाले. कल्पना चांगली होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देणे, मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देणे, कोणता अभ्यासक्रम कोणत्या पायरीचा हे ठरवणे, त्यांवर लक्ष ठेवणे आणि तक्रारी ऐकणे ही कामे तिच्याकडे आली. स्वतः वर्ग चालवायचे नाहीत आणि अनुदानही वाटायचे नाही, ही तिची मर्यादा हीच तिची शक्ती ठरावयास हवी होती.

पण ही परिषदही ठरावानेच जन्मली. १९५६ मध्ये जे झाले तेच २०१८ मध्ये झाले. ज्या कौशल्य विकास मंत्रालयाने तो ठराव केला, त्याच मंत्रालयाच्या योजनांखाली लाखो उमेदवार प्रमाणित होतात. आय.टी.आय.चा अभ्यासक्रम, संलग्नता आणि परीक्षा पाहणारे प्रशिक्षण महानिदेशालय हेही त्याच मंत्रालयाचे अंग. मंत्रालयाला वर्षअखेर संसदेत आकडा सांगायचा असतो, आणि परिषदेने आपले काम चोख केले तर तो आकडा खाली येणार. अशा वेळी रखवालदाराने कोणाचे ऐकावे? येथे कोणाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. अत्यंत सचोटीचा रखवालदारदेखील ज्याच्या वाड्यात राहतो त्याच्या घरच्या माणसांना दारावर अडवताना दहादा विचार करतो.

दुसरी अडचण याहून बारीक आहे आणि म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रावर परिषदेचे थेट नियंत्रण नाही. ती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवर नियंत्रण ठेवणार आणि त्या संस्थेने आपल्या केंद्रांवर ठेवायचे, अशी ही उतरंड आहे. कागदावर ती सुबक दिसते, परंतु पैशाचा प्रवाह पाहिला की तिचा दुबळेपणा कळतो. कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या पर्वात प्रशिक्षण केंद्राला मिळावयाच्या रकमेपैकी तीस टक्के वर्ग सुरू झाल्यावर, पन्नास टक्के उमेदवार प्रमाणित झाल्यावर आणि उरलेले वीस टक्के रोजगाराशी जोडलेले होते. अर्धा पैसा उत्तीर्ण होण्यावर अवलंबून असेल तर उमेदवार अनुत्तीर्ण व्हावा असे त्या वर्गात कोणालाच वाटणार नाही. उमेदवाराला कागद हवा असतो, केंद्राला हप्ता हवा असतो, परीक्षकाला पुढच्या तुकडीचे काम हवे असते. सगळे समाधानी असतात. गैरहजर असतो तो फक्त मालक, आणि त्याचे मत महिन्याभराने कारखान्याच्या फाटकावर कळते.

या रचनेतून काय निपजले याची नोंद भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केली आहे. या योजनेची २०१५ ते २०२२ या काळातील कामगिरी तपासणारा त्यांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. दुसऱ्या व तिसऱ्या पर्वांतील सुमारे ९६ लाख उमेदवारांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये होती, निरर्थक अक्षरे होती किंवा काहीच नव्हते. एकच छायाचित्र अनेक लाभार्थींच्या नावापुढे आढळले. अल्पमुदतीच्या आणि विशेष प्रकल्पांखालील प्रमाणित उमेदवारांपैकी रोजगार मिळाल्याची नोंद होती ती सुमारे ४१ टक्क्यांची. लेखापरीक्षकांची भाषा नेहमीच कोरडी असते, आणि येथे तिला अलंकाराची गरजही नव्हती. ज्या शिक्षकाने आयुष्यभर हजेरीपट भरला आहे त्याला रिकाम्या रकान्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. यातील बराचसा काळ नव्या परिषदेच्या आधीचा आहे, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण ज्या दुखण्यावर औषध म्हणून ती आली ते किती खोल गेलेले आहे हेही त्यावरून दिसते.

परीक्षक कोण असावा या प्रश्नाला जर्मनीने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. तत्कालीन पश्चिम जर्मनीने १९६९ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाचा कायदा केला. त्याखाली शिकाऊ उमेदवाराची परीक्षा उद्योगांच्या व कारागिरांच्या मंडळांमार्फत होते, आणि परीक्षा समितीवर मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान संख्येने बसतात; त्यांच्या जोडीला व्यवसाय शाळेचा किमान एक शिक्षक असतो. ज्याला उद्या हा माणूस कामावर घ्यायचा आहे, ज्याला उद्या त्याच्या खांद्याला खांदा लावून काम करायचे आहे आणि ज्याने त्याला शिकवले आहे, असे तिघे मिळून निकाल देतात. आपल्याकडे 'उद्योगांचा सहभाग' हे शब्द प्रत्येक परिपत्रकात असतात. कामगार संघटनांचा सहभाग हे शब्द शोधावे लागतात. कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या फिटरला नवा फिटर पाच मिनिटांत जोखता येतो, या साध्या गोष्टीचा उपयोग करून घेणे आपल्या व्यवस्थेला अजून सुचलेले नाही.

कायदा झाला म्हणजे सारे सुरळीत होईल असे मात्र कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये कायदा करून व्यवसाय प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय नियंत्रक नेमला. त्याला संस्थांची नोंदणी रद्द करण्याचा आणि दिलेली पात्रताही मागे घेण्याचा अधिकार आहे. असे असूनही तेथे शिकवल्यावाचून कागद विकणाऱ्या संस्था निघाल्याच, आणि २०२४ च्या अखेरीपासून त्या नियंत्रकाने अशा बंद पडलेल्या संस्थांनी दिलेल्या हजारो पात्रता रद्द केल्या. त्यांत वृद्धसेवा व बालसंगोपन यांसारख्या, जिवाशी संबंध असणाऱ्या व्यवसायांतील पात्रताही होत्या. आपण खरोखरच शिकलो हे दाखवण्याची संधी प्रमाणपत्रधारकांना देण्यात आली. पण संस्थेच्या पापाची झळ शेवटी विद्यार्थ्याला लागलीच. महाराष्ट्रातूनही मुले कर्ज काढून त्या देशात शिकायला जातात, तेव्हा हा प्रसंग त्यांच्या पालकांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कायद्याचे दात आधीच लागू पडले असते तर इतकी प्रमाणपत्रे मागे घ्यावी लागली नसती. पण ती मागे घेणारा कोणी तरी तेथे होता.

संसदेला अशा कायद्याचा अधिकार नाही अशीही सबब सांगता येत नाही. कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत पहिल्या दिवसापासून आहे. सामान्य शिक्षण त्या सूचीत आले ते १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे ज्या विषयावर केंद्राला आधीपासून कायदा करता येत होता तो विषय ठरावावर राहिला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा इतिहास येथे आठवतो. १९४५ मध्ये सल्लागार मंडळ म्हणून निघालेल्या त्या परिषदेला १९८७ मध्ये कायदा मिळाला. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पेव फुटू लागल्यावर सरकारला जाग आली. तो कायदा आल्यावरही नको त्या महाविद्यालयांना मान्यता मिळतच राहिल्या, हे खरे. निदान मान्यतेच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देताना कोणते कलम मोडले हे सांगता येऊ लागले. आय.टी.आय.च्या मुलाला तेवढाही आधार नाही. अभियंत्यासाठी कायदा आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या कारागिरासाठी ठराव, ही विभागणी योगायोगाने झाली असे म्हणणे कठीण आहे. लेखणी धरणारा हात आणि हातोडा धरणारा हात यांच्यात जो भेद समाजाने केला तोच राज्यकारभारात उतरला.

शाळांच्या दृष्टीनेही हा प्रश्न दूरचा नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये उच्च माध्यमिक टप्प्यावरील निम्मी मुले वीस वर्षांत व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत असे म्हटले. १९८६ च्या धोरणाने १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असे लक्ष्य ठेवले, आणि १९९२ मध्ये त्याच आकड्यांपुढची साले पाच पाच वर्षांनी ढकलली. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडवण्याचे ठरवले. तेही साल उलटून गेले. प्रत्येक वेळी दोष पालकांच्या पांढरपेशा मनोवृत्तीला देण्यात आला. पालक मूर्ख नसतात. दहावीला ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलीने इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम घ्यावा असे सांगणाऱ्या शिक्षकाला ते एकच विचारतात : पुढे हा कागद कोठे चालतो? त्या शिक्षकाजवळ आज सांगण्यासारखे उत्तर नाही. अमुक संस्थेतून गेल्या पाच वर्षांत किती मुले बसली, किती उत्तीर्ण झाली, किती कामाला लागली आणि कोणत्या पगारावर, हे शाळेच्या फलकावर लावता येईल अशा साध्या तक्त्यात मिळाले तर तो निदान प्रामाणिकपणे बोलू शकेल.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार शासकीय आय.टी.आय. सुधारण्यासाठी साठ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नवी यंत्रे येतील, कार्यशाळांना रंग लागेल, आणि ते व्हावयास हवेच. साठ हजार कोटींच्या तुलनेत एका स्वतंत्र, कायद्याने उभ्या असलेल्या नियामक परिषदेचा खर्च नगण्य आहे. तिला तपासनीस लागतील. कोणत्याही केंद्रात न सांगता शिरण्याचा अधिकार लागेल. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा यांच्यात पैशाचा संबंध असल्यास ती मान्यता काढून घेण्याची ताकद लागेल. तिचा अहवाल मंत्र्यांच्या हाती न जाता थेट संसदेच्या पटलावर यावा लागेल. आणि संस्था बंद केली तर त्या संस्थेतल्या मुलांची उरलेली वर्षे कोठे पुरी होतील याची तरतूद कायद्यातच लिहावी लागेल. अन्यथा ऑस्ट्रेलियात जे झाले तेच येथे होईल, आणि येथील मुलाजवळ दुसऱ्यांदा फी भरण्याचे बळ नसेल.

राज्य सरकारलाही या विधेयकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शिल्प निदेशकांच्या रिकाम्या जागा भरणे, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या कारखान्यातील अनुभवी कारागीर परीक्षक म्हणून बोलावणे आणि प्रत्येक संस्थेचा निकाल ट्रेडनिहाय प्रसिद्ध करणे, या तीन गोष्टींसाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. चारशेहून अधिक शासकीय संस्था ज्या राज्याच्या हाती आहेत त्याने पुढच्या जुलैच्या प्रवेशापूर्वी एवढे केले, तर ऑगस्टमध्ये नाव घालायला येणाऱ्या बापाच्या प्रश्नाला संस्थेच्या खिडकीवरचा कारकूनही उत्तर देऊ शकेल.